ऱ्यूजो: विझागवर बॉम्ब टाकणाऱ्या जपानी विमानवाहू जहाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी विमानवाहू जहाजं म्हटलं की गप्पा अकागी, कागा, पर्ल हार्बर आणि मिडवेवरच संपतात. ऱ्यूजोबद्दल विचारणारे बहुतेक जण मात्र एकाच वाटेने येतात, कुठेतरी वाचलेलं असतं की १९४२ ला जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि मग शोधत शोधत या जहाजापर्यंत पोचतात. सारखे येणारे प्रश्न इथे एका जागी केलेत, सोपे आधी, किचकट नंतर. नंबर दिलेत कारण उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, तेच तेच परत लिहायला नको.

१. ऱ्यूजो म्हणजे नक्की काय? थोडक्यात सांगा ना.

जपानी इम्पीरियल नेव्हीचं छोटं विमानवाहू जहाज. योकोहामाला मित्सुबिशीच्या यार्डात नोव्हेंबर १९२९ ला काम सुरू झालं, एप्रिल १९३१ ला पाण्यात उतरलं, उरलेलं फिटिंग योकोसुकाच्या नेव्ही यार्डात झालं आणि १९३३ ला ते नेव्हीत दाखल झालं. लांबी साधारण १८० मीटर, वेग २९ नॉट, कागदावर ४८ विमानं. २४ ऑगस्ट १९४२ ला सॉलोमन बेटांच्या उत्तरेला अमेरिकन विमानांनी बुडवलं. म्हणजे अमेरिका-ब्रिटनशी लढाई सुरू झाल्यावर जेमतेम साडेआठ महिने टिकलं, पण तेवढ्यात फिलिपीन्स, मलाया, जावा, बंगालचा उपसागर, अलास्का आणि सॉलोमन एवढं सगळं फिरून झालं होतं. एवढी वणवण फार थोड्या जहाजांच्या नशिबी आली.

२. ऱ्यूजो, ऱ्यूहो, हिऱ्यू... ही सगळी एकच आहेत का?

नाही, तीन वेगळी जहाजं आहेत आणि हा गोंधळ फार होतो. हिऱ्यू हे पर्ल हार्बरला गेलेलं, मिडवेला जून १९४२ मध्ये बुडालेलं. ऱ्यूहो हे मूळचं पाणबुड्यांना रसद पुरवणारं जहाज, ते विमानवाहू बनवून १९४२ च्या शेवटी नेव्हीत घेतलं, म्हणजे ऱ्यूजो बुडाल्यानंतर, आणि ते १९४५ पर्यंत तगलं. कुठल्याही लेखात १९४३ किंवा ४४ च्या लढाईत 'ऱ्यूजो' दिसलं तर समजायचं की लिहिणाऱ्याला ऱ्यूहो म्हणायचंय.

३. एवढं छोटं का बांधलं? जपानकडे पैसे नव्हते का?

पैशापेक्षा कायद्याची गोष्ट आहे. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात प्रत्येक देशाला विमानवाहू जहाजांसाठी एकूण टनांचा कोटा ठरवून दिला होता, जपानला ८१,००० टन मिळाले. त्यातले कागदोपत्री जवळपास ५४,००० टन एकट्या अकागी आणि कागाने खाल्ले. पण करारात एक पळवाट होती, १०,००० टनांच्या आतलं जहाज 'विमानवाहू' म्हणून मोजलंच जाणार नव्हतं. मग जपानी नेव्हीने म्हटलं की आपण ८,००० टनांचं बांधू, कोट्यात मोजलं जाणार नाही, फुकटात एक कॅरिअर मिळेल. सुरुवातीच्या आराखड्यात एकच हँगर (विमानं ठेवायची बंद जागा) आणि २४ च्या आसपास विमानं होती.

आणि इथेच गंमत झाली. जहाज बांधायला घेतलं आणि १९३० ला लंडनचा करार झाला, त्यात ती पळवाटच बंद केली. आता छोटं जहाजही कोट्यात धरलं जाणार. म्हणजे ज्या फायद्यासाठी ते छोटं ठेवलं तोच गेला. मग नेव्हीने विचार केला की कोट्यात मोजणारच आहेत तर निदान विमानं तरी जास्त बसवू, आणि त्याच छोट्या हलवर, म्हणजे जहाजाच्या सांगाड्यावर, दुसरा हँगर चढवला. खाली पाया दोन मजल्यांचा आणि वर तिसरा-चौथा मजला ठोकलेली चाळ जशी असते तसं ते जहाज झालं. पुढे जे जे झालं त्याचं मूळ माझ्या मते याच एका निर्णयात आहे. (पुढे काय झालं ते प्रश्न ४ मध्ये.)

४. ते टॉप-हेवी होतं म्हणतात, म्हणजे नक्की किती वाईट होतं?

बऱ्यापैकी वाईट. वर वजन जास्त, खाली रुंदी कमी, त्यामुळे वादळात ते किती कलेल याची खात्री नव्हती. नेव्हीला याची खरी भीती बसली ती दुसऱ्याच एका जहाजामुळे. मार्च १९३४ मध्ये तोमोझुरू नावाची नवीकोरी टॉर्पेडो बोट वादळात सरळ उलटी झाली. मग चौकशी लागली आणि कळलं की आपण कराराच्या मर्यादेत बसवायला म्हणून बऱ्याच जहाजांवर जास्तच शस्त्रं कोंबलीयेत. ऱ्यूजो यादीत होतंच, त्याला लगेच यार्डात घेतलं, खाली बॅलास्ट (तोल सांभाळायचं वजन) टाकलं, हलच्या बाजूचे फुगवटे रुंद केले.

एवढं करूनही सप्टेंबर १९३५ ला चौथा ताफा सरावात असताना टायफूनमध्ये सापडला, त्यात ऱ्यूजो पण होतं. ब्रिज आणि फ्लाइट डेकला मार बसला, हँगरमध्ये पाणी शिरलं. बुडालं नाही हे खरं, पण परत यार्डात. या वेळी पुढचा भाग एक डेक उंच केला म्हणजे लाटा डोक्यावरून येणार नाहीत. या सगळ्या डागडुजीत वजन वाढत वाढत दहा हजार टनांच्या वर गेलं, म्हणजे पळवाटीच्या मूळ हिशोबालाच हरताळ.

५. फोटोत ब्रिज दिसतच नाही, कॅप्टन उभा कुठे राहायचा?

फ्लाइट डेकच्या खाली, अगदी पुढच्या टोकाला. आयलंड, म्हणजे डेकवर बाजूला उभा असतो तो टॉवर, ऱ्यूजोला नव्हताच. डेकच्या पुढच्या काठाखाली काचेच्या खिडक्यांची लांबलचक रांग दिसते तोच ब्रिज. त्यामुळे डेक वरून सपाट मोकळा, पण पुढून बघितलं तर जहाज फार विचित्र दिसतं, फ्लाइट डेक टोकापर्यंत न जाता अलीकडेच संपतो आणि खाली उघडी नाळ. डेक स्वतः १५६ मीटरच्या आसपास लांब होता, त्या काळच्या मोठ्या कॅरिअरच्या मानाने फारच तोकडा.

६. ४८ विमानं खरंच बसायची का? आणि कोणती होती?

४८ हा १९३३ चा आकडा, त्या वेळच्या छोट्या बायप्लेनच्या हिशोबाने. लढाईच्या काळात तीसेक धरायची. दुसरा त्रास म्हणजे लिफ्ट. दोन लिफ्ट होत्या आणि मागची इतकी लहान की नवीन विमानांपैकी पंख मिटणारं नाकाजिमा केट हे बॉम्बरच तिच्यावर मावायचं. त्यामुळे विमानं वरखाली करण्यात वेळ जायचा, आणि कॅरिअरच्या लढाईत सगळा खेळ वेळेचाच असतो.

डिसेंबर १९४१ ला ऱ्यूजोवर झीरो, म्हणजे जपानी नेव्हीची नवी फायटर विमानं, नव्हती हे ऐकून लोक चकतात. मोठ्या सहा जहाजांना झीरो दिली, ऱ्यूजोला मिळाली जुनी मित्सुबिशी क्लॉड, चाकं न मिटणारी आणि कॉकपिट उघडं. बॉम्बर म्हणून केट. व्हॅल डाइव्ह बॉम्बर या लढाईत ऱ्यूजोवर नव्हतीच. झीरो आली ती अलास्काच्या मोहिमेपर्यंत (प्रश्न १३).

७. पर्ल हार्बरला होतं का?

नाही. तिथे सहा होती: अकागी, कागा, सोऱ्यू, हिऱ्यू, शोकाकु, झुइकाकु. ऱ्यूजो त्याच दिवशी, म्हणजे आशियातल्या तारखेने ८ डिसेंबरला, फिलिपीन्सच्या दक्षिणेला दावाओवर हल्ला करत होतं. मोठ्यांना मोठं काम आणि याला उरलंसुरलं, हे शेवटपर्यंत चाललं.

८. डिसेंबर ४१ ते मार्च ४२ काय काय केलं?

पहिला हल्ला दावाओजवळच्या मलालाग खाडीत उभ्या असलेल्या विल्यम बी. प्रेस्टन या अमेरिकन सीप्लेन टेंडरवर, म्हणजे समुद्रावर उतरणाऱ्या विमानांना रसद पुरवणाऱ्या जहाजावर. जहाज निसटलं पण तिथली दोन कॅटालिना (समुद्रावर उतरणारी गस्तीची विमानं) गेली. मग दावाओ आणि होलो इथे सैन्य उतरवताना वरून संरक्षण, मग मलायाकडे. फेब्रुवारीत सिंगापूर पडत होतं, तेव्हा तिथून पळणाऱ्या जहाजांवर याची विमानं हल्ले करत होती, आणि दोस्तांचा ताफा सुमात्राकडे यायला निघाला त्यावरही बॉम्ब टाकले, ब्रिटिश क्रूझर एक्झिटर त्यात होती. १ मार्चला जावाच्या समुद्रात अमेरिकन डिस्ट्रॉयर पोप याच्या विमानांनी निकामी केली आणि नंतर जपानी क्रूझर्सनी तिचं काम संपवलं.

मोठं नाव होईल असं यात काही नाही, पण एक पॅटर्न दिसतो. समोर शत्रूचं कॅरिअर नाही, फायटर विमानं थोडी, अशा जागी ऱ्यूजो बरोबर पुरेसं पडायचं.

९. विझागवर बॉम्ब टाकले ते याच जहाजाच्या विमानांनी ना? नक्की काय झालं?

हो, याच. तारीख ६ एप्रिल १९४२, आणि त्याच दिवशी काकिनाडावरही. तेव्हाची नावं विझागापट्टम आणि कोकोनाडा, जुन्या कागदांत तशीच सापडतील.

पार्श्वभूमी अशी. मार्च १९४२ पर्यंत रंगून पडलं होतं, २३ मार्चला अंदमान जपानच्या ताब्यात गेलं. जपानी नेव्हीने दोन ताफे काढले. एक ॲडमिरल नागुमोचा, पाच मोठी कॅरिअर घेऊन, तो सिलोनवर (प्रश्न ११). दुसरा व्हाइस ॲडमिरल ओझावा जिसाबुरोचा, तो १ एप्रिलला बर्माच्या मर्गुईहून निघाला, त्यात ऱ्यूजो, चोकाई धरून पाच हेवी क्रूझर, युरा ही लाइट क्रूझर आणि काही डिस्ट्रॉयर. ओझावाचं काम होतं बंगालच्या उपसागरातली मालवाहतूक मोडायची, म्हणजे कलकत्ता-मद्रास मार्ग.

आणि समुद्रात शिकार तयारच होती. कलकत्त्यावर हल्ला होईल या भीतीने बंदरातली जहाजं बाहेर काढून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली पाठवली होती, बहुतेक एकटी, सोबत युद्धनौका नाही, वर विमान नाही. ओझावाने ताफ्याचे तीन तुकडे केले, मधल्या तुकडीत तो स्वतः चोकाईवर आणि त्याच्याबरोबर ऱ्यूजो. ५ तारखेला ऱ्यूजोच्या विमानांनी हार्पासा नावाचं मालवाहू जहाज पेटवलं, आणि ६ तारखेला सगळ्यात मोठा तडाखा, ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यासमोर जहाजामागून जहाज. क्रूझर्स आणि विमानं मिळून ओझावाने काही दिवसांत वीसेक मालवाहू जहाजं बुडवली. त्यातच थोडी विमानं विझागच्या बंदरावर आणि काकिनाडावर पाठवली.

१०. विझागचं किती नुकसान झालं? आणि मद्रासवर पण टाकले होते ना?

बंदराचं नुकसान तसं कमीच, मोजके बॉम्ब पडले. खरं नुकसान समुद्रात झालं होतं (प्रश्न ९). पण बचावाला काही नव्हतंच त्यामुळे विमानं आरामात आली आणि गेली, आणि भीती जी पसरली ती बॉम्बच्या मानाने कितीतरी मोठी होती. बुडालेल्या जहाजांवरचे लोक किनाऱ्याला लागत होते, ते जे सांगत होते ते गावोगाव जात होतं, लोक विझाग सोडून आत पळाले. त्या हल्ल्यातल्या बॉम्बचं कवच विशाखा म्युझियममध्ये ठेवलंय, बीच रोडला गेलात तर बघून या.

मद्रासवर ऱ्यूजोने काहीही टाकलेलं नाही. तिथे झालं ते असं की जपानी ताफा येतोय अशी चुकीची खबर आली आणि गव्हर्नर आर्थर होपच्या सरकारने शहर रिकामं करायला सांगितलं, ऑफिसं आत हलवली, लाखो लोक निघून गेले, प्राणिसंग्रहालयातले हिंस्र प्राणी सुटले तर काय म्हणून गोळ्या घालून मारले. जे जहाज तिकडे आलंच नाही त्याच्या धास्तीने. 'मद्रासवर जहाजाने हल्ला केला' ही आठवण बऱ्याच घरांत असते ती खरी पहिल्या महायुद्धातली, जर्मन क्रूझर एम्डेनने सप्टेंबर १९१४ ला तोफा डागल्या होत्या ती.

हे सगळं चाललं होतं तेव्हा दिल्लीत क्रिप्स मिशनच्या वाटाघाटी सुरू होत्या. इंग्रज आपलं रक्षण करू शकतात का या प्रश्नाचं उत्तर लोकांना पूर्व किनाऱ्यावर दिसत होतं, आणि ते उत्तर इंग्रजांच्या बाजूचं नव्हतं.

११. कोलंबो आणि त्रिंकोमालीवर पण ऱ्यूजोच होतं का?

नाही, तो नागुमोचा ताफा: अकागी, सोऱ्यू, हिऱ्यू, शोकाकु, झुइकाकु. ५ एप्रिलला कोलंबो आणि त्याच दिवशी कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशर या क्रूझर्स, ९ एप्रिलला त्रिंकोमाली आणि ब्रिटिश कॅरिअर हर्मिस. दोन्ही मोहिमा एकाच आठवड्यातल्या म्हणून पुस्तकांत एकाच नावाखाली येतात आणि लोक म्हणतात 'पर्ल हार्बरवाल्या जहाजांनी विझागवर बॉम्ब टाकले'. तसं नाही. नागुमोचा ताफा भारताच्या किनाऱ्याला आला नाही.

१२. या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का, की उगाच?

ओढूनताणून नाही, दोन ठिकाणी खरा आहे. पहिला म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांच्या सिंदिया कंपनीचं जहाज बांधायचं यार्ड विझागलाच उभं राहत होतं, जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झालेली, म्हणजे वर्षही झालं नव्हतं आणि डोक्यावर जपानी विमानं. काम खोळंबलं, आणि तिथून पहिलं मोठं जहाज 'जल उषा' पाण्यात उतरलं ते थेट मार्च १९४८ ला, नेहरूंच्या हस्ते. सगळा उशीर बॉम्बमुळेच असं नाही, इंग्रज सरकारचा थंडपणा होताच, पण त्या एप्रिलने घोडं अडलं हे नक्की.

दुसरा मुंबईचा. सिलोनवर हल्ले झाल्यावर ब्रिटिश ईस्टर्न फ्लीटच्या ॲडमिरल सॉमरव्हिलने जुनी, संथ जहाजं आफ्रिकेत किलिंदिनीला पाठवली आणि वेगवान तुकडी, म्हणजे वॉरस्पाइट, इंडोमिटेबल, फॉर्मिडेबल, मुंबईला आणली. म्हणजे पूर्वेचा समुद्र जपान्यांना मोकळा आणि ब्रिटिश कॅरिअर मुंबईच्या बंदरात, एप्रिलच्या मध्याला हे चित्र होतं.

१३. मिडवेला का नव्हतं? असतं तर निकाल बदलला असता का?

कारण त्याच वेळी ते अलास्काजवळ अल्युशियन बेटांवर होतं. मिडवेच्या मोठ्या योजनेचाच तो उत्तरेकडचा भाग, रिअर ॲडमिरल काकुता काकुजीच्या हाताखाली ऱ्यूजो आणि जून्यो. ३ आणि ४ जून १९४२ ला डच हार्बरवर हल्ले केले. धुकं इतकं की पहिल्या दिवशी जून्योची बरीचशी विमानं वाट न सापडून परत फिरली, ऱ्यूजोची पोचली आणि फोर्ट मिअर्सच्या बराकींवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी तेलाच्या टाक्या पेटवल्या. अमेरिकनांनी उम्नाक बेटावर गुपचूप धावपट्टी बनवून ठेवली होती याचा जपान्यांना पत्ताच नव्हता, दुसऱ्या दिवशी परतणारी विमानं नेमकी तिथेच गोळा व्हायला गेली आणि वरून अमेरिकन पी-४० फायटर आली.

निकाल बदलला असता का? ऱ्यूजोच्या तीसेक विमानांनी मिडवे फिरलं असतं असं मला वाटत नाही. पण दोन चालू कॅरिअर धुक्यात गुंतवून ठेवणं ही चैन होती, आणि त्यातून मिळालं काय तर अट्टू आणि किस्का ही दोन ओसाड बेटं, शिवाय अमेरिकेला एक झीरो फुकट (प्रश्न १४).

१४. ते अकुतान झीरो प्रकरण काय आहे?

४ जूनला डच हार्बरवर गेलेल्या ऱ्यूजोच्या झीरोंपैकी एक, पायलट पेटी ऑफिसर कोगा तादायोशी. खालून गोळी लागली, ऑइलची लाइन फुटली. जवळच्या अकुतान बेटावर उतरून थांबायचं, पाणबुडी येऊन घेऊन जाईल असं आधीच ठरलेलं होतं. वरून हिरवंगार सपाट गवत दिसलं, चाकं खाली केली, पण ती दलदल होती, चाकं रुतली आणि विमान उलटं झालं, कोगा तिथेच गेला. सोबतच्या दोघांना ऑर्डर होती की शत्रूच्या हद्दीत उतरलेलं विमान जाळून टाकायचं, पण कोगा जिवंत असेल या शंकेने त्यांना गोळ्या झाडवल्या नाहीत. दोष द्यायचा तरी कुणाला.

महिन्याभराने, १० जुलैला, गस्तीवरच्या कॅटालिनाने ते बघितलं. जवळपास अखंड झीरो! काढून सॅन डिएगोला नेलं, दुरुस्त केलं आणि सप्टेंबरमध्ये एडी सँडर्सने उडवून बघितलं. कळलेल्या गोष्टी कामाच्या होत्या: २०० नॉटच्या वर आयलेरॉन (विमान कलवायच्या पंखांवरच्या पट्ट्या) जड होतात, उजवीकडे रोल डावीकडच्यापेक्षा हळू, आणि नाक एकदम खाली दाबलं की कार्ब्युरेटरमुळे इंजिन गचकतं. म्हणजे झीरो मागे लागला तर काय करायचं याचा सरळ फॉर्म्युला पायलटांच्या हातात आला.

१५. मग अमेरिकेचं हेलकॅट फायटर त्या झीरोवरून बनवलं हे खरं का?

नाही. हेलकॅटचा पहिला नमुना २६ जून १९४२ लाच उडाला होता, कोगाचं विमान सापडायच्याही आधी. झीरोच्या चाचण्यांनी लढायची पद्धत सुधारली, डिझाइन नव्हे. ही गोष्ट इतकी चटपटीत आहे की दर सहा महिन्यांनी कुणीतरी परत पाठवतंच.

१६. ऱ्यूजोला मुद्दाम आमिष म्हणून पुढे केलं होतं का?

सगळ्यात जास्त वाद यावरच. मिडवेनंतर जपानकडे मोठी कॅरिअर दोनच उरली, शोकाकु आणि झुइकाकु, त्यांच्या जोडीला ऱ्यूजो दिलं. ऑगस्ट १९४२ ला अमेरिकनांनी ग्वादालकॅनाल घेतल्यावर हा ताफा तिकडे निघाला, मागून तानाका राइझोच्या काफिल्यात सैन्य येत होतं. २४ ऑगस्टला ऱ्यूजोला वेगळं काढलं, सोबत तोने ही हेवी क्रूझर आणि आमात्सुकाझे, तोकित्सुकाझे या दोन डिस्ट्रॉयर, वर रिअर ॲडमिरल हारा चुइची. मोठी दोन मात्र मागे लपून.

आमिष म्हणणाऱ्यांचं म्हणणं, एकटं छोटं कॅरिअर पुढे पाठवलं म्हणजे अमेरिकन विमानं त्याच्यावर जाणार आणि मग मोठी दोघं हल्ला करणार. झालंही तसंच. पण ऱ्यूजोला दिलेलं काम खरं होतं, ग्वादालकॅनालच्या हेंडरसन फील्ड या अमेरिकन धावपट्टीवर हल्ला करायचा म्हणजे तानाकाचा काफिला सुखरूप जाईल, आणि त्यासाठी सहा केट आणि १५ झीरो पाठवलीही. माझं मत, आमिष म्हणून ठरवून पाठवलं नसावं, पण त्याच्यावर हल्ला झाला तर मोठ्यांना फायदा आहे हे वरच्यांना पक्कं कळत होतं आणि कुणाला त्याचं फार वाईट वाटणार नव्हतं.

१७. मग बुडालं कसं?

अमेरिकन कॅटालिनाने सकाळीच बघितलं होतं. अमेरिकन ॲडमिरल फ्लेचर मात्र लगेच विमानं सोडेना, कारण हेच मुख्य कॅरिअर आहे की मोठी अजून कुठे आहेत हे कळत नव्हतं, शिवाय वॉस्प या आपल्या कॅरिअरला त्याने इंधन भरायला दक्षिणेला पाठवलेलं. दुपारी ऱ्यूजोची विमानं ग्वादालकॅनालकडे जाताना रडारवर दिसली आणि मग त्याने साराटोगा या कॅरिअरची तुकडी सोडली, तीसेक डॉंटलेस डाइव्ह बॉम्बर आणि थोडी ॲव्हेंजर टॉर्पेडो विमानं, पुढारी कमांडर डॉन फेल्ट.

ऱ्यूजोवर बचावाला झीरो थोड्याच, निम्म्याहून जास्त हेंडरसनला गेलेल्या. वरून डॉंटलेस, खालून दोन बाजूंनी ॲव्हेंजर. इंजिन बंद पडलं, जहाज उजवीकडे कलत गेलं आणि सावरलं नाही. आमात्सुकाझे अगदी खेटून उभी राहिली आणि फळ्या टाकून माणसं उतरवून घेतली, जे जहाज कधीही अंगावर उलटेल त्याच्या बाजूला, याला जिगर लागते. माणसं उतरवत असतानाच अमेरिकन बी-१७ बॉम्बर आली आणि उंचावरून बॉम्ब टाकले, एकही लागला नाही. संध्याकाळी ऱ्यूजो उलटून बुडालं.

मोठ्या दोन जहाजांची विमानं तोवर अमेरिकन कॅरिअर एंटरप्राइजपर्यंत पोचली आणि तीन बॉम्ब मारले, पण ते बुडालं नाही. दुसऱ्या दिवशी तानाकाच्या काफिल्यावरच हल्ला झाला आणि सैन्य नेणारं किन्ऱ्यू मारू गेलं. म्हणजे ज्या कामासाठी ऱ्यूजो घालवलं ते कामही झालं नाही.

१८. काही ठिकाणी दहा बॉम्ब लागले लिहिलंय, काही ठिकाणी फक्त एक टॉर्पेडो. खरं काय?

अमेरिकन पायलटांनी परत येऊन बरेच हिट सांगितले, धूर आणि पाण्याचे फवारे यात ते साहजिक आहे. जपानी बाजूच्या माहितीत भर आहे तो उजव्या बाजूला बसलेल्या एका टॉर्पेडोवर आणि अगदी जवळ पडलेल्या बॉम्बवर. टॉर्पेडोबद्दल फारसा वाद नाही, त्यानेच इंजिन रूममध्ये पाणी भरलं. जे जहाज आधीच वर जड होतं (प्रश्न ४) त्याला एका बाजूला पाणी भरलं की काय होणार, त्याला दहा बॉम्ब लागत नाहीत.

१९. किती माणसं गेली? आणि हवेत असलेल्या विमानांचं काय झालं?

जहाजावरचे १२० जण गेले, त्यात सात ऑफिसर. कॅप्टन कातो तादाओ वाचला. एवढ्या जहाजाच्या मानाने आकडा कमी आहे त्याचं श्रेय डिस्ट्रॉयरवाल्यांना. हेंडरसनहून परत आलेली विमानं मात्र येऊन बघतात तर उतरायला डेकच नाही, वर घिरट्या घालत राहिली आणि इंधन संपल्यावर पाण्यात उतरली, काही पायलटना उचललं.

२०. एका ठिकाणी बुडाल्याची वेळ संध्याकाळी ६, दुसरीकडे ८. कुठली धरायची?

दोन्ही बरोबर असू शकतात. जपानी नेव्ही जगात कुठेही असली तरी लॉगमध्ये टोकियोची वेळ लिहायची, आणि सॉलोमनची वेळ टोकियोच्या दोन तास पुढे. जपानी लॉगवरून लिहिणारा सहा म्हणतो, स्थानिक वेळ देणारा आठ. हाच घोळ डच हार्बरच्या तारखांत होतो, तिथे मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा येते म्हणून तारीखच एक दिवस पुढे दिसते. टेबल बनवत असाल तर वरती लिहून टाका की वेळ कुठली.

२१. मॉडेल बनवतोय, कुठलं रूप बनवू? किटमध्ये तोफांची संख्या वेगवेगळी दिसते.

तीन रूपं आहेत आणि ती मिसळायची नाहीत. १९३३ चं मूळ रूप, त्यात १२.७ सेंटीमीटरच्या सहा जुळ्या तोफा, म्हणजे बारा नळ्या, हल बारीक, नाळ बुटकी. तोमोझुरूनंतरचं रूप, त्यात बाजूचे फुगवटे रुंद आणि दोन जुळ्या तोफा कमी करून तिथे २५ मिलिमीटरच्या हलक्या तोफा आलेल्या. आणि टायफूननंतरचं, १९३६ पासूनचं, त्यात नाळ एक डेक उंच. विझाग, डच हार्बर, सॉलोमन, काहीही बनवायचं असेल तर हे तिसरंच. बॉक्सवर १९४२ लिहिलंय आणि आत बारा नळ्या निघाल्या तर चार काढून टाका. विमानं लावताना प्रश्न ६ बघा, एप्रिलच्या डेकवर व्हॅल ठेवलीत तर कुणीतरी कॉमेंट करणारच.